बदललेले रेणू आणि प्रथिनांवर काम करणाऱ्या विकरांचा शोध

मे २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘इमॅटिनिब’ या औषधास मान्यता दिली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरील हे औषध पूर्वीच्या औषधांहून एका मूलभूत बाबतीत वेगळे होते. पूर्वीची बहुतेक औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या सर्वच पेशींवर आघात करीत. इमॅटिनिबचे मुख्य लक्ष्य मात्र रोगग्रस्त पेशीतील एक विशिष्ट विकर, म्हणजेच एन्झाइम, हे होते. ज्या रुग्णांना सुरुवातीपासून हे औषध देण्यात आले, त्यांच्या दीर्घकालीन पाहणीत दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात असल्याचे आढळून आले. एकेकाळी काही वर्षांत प्राण घेणारा हा रोग दीर्घकाळ आटोक्यात ठेवता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले.

एका विकरास रोखून रोग रोखता येतो, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु त्यासाठी तेच विकर दोषी आहे, हे आधी निश्चित करावे लागते. ज्या कुळातील विकरास इमॅटिनिब रोखते, त्या कुळात मानवी शरीरात पाचशेहून अधिक विकरे आहेत. ती सर्व एकच कच्चा माल वापरतात आणि जवळजवळ एकच रासायनिक क्रिया घडवून आणतात. मग पेशीच्या गर्दीत कोणत्या विकराने कोणत्या प्रथिनावर काम केले, हे ओळखायचे कसे? गेल्या काही दशकांत रसायनशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे एक चतुर उत्तर शोधले आहे. विकरे जो कच्चा माल वापरतात, त्या रेणूचीच रचना किंचित बदलावयाची आणि त्या बदलाच्या खुणेवरून विकराचा माग काढावयाचा, हे ते उत्तर होय. या पद्धतीचे तत्त्व, तिचे प्रमुख प्रकार, मर्यादा आणि भारताच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

प्रथिन तयार झाल्यानंतरचे बदल

मानवी जनुकसंचात प्रथिने तयार करण्याच्या सूचना देणारी सुमारे २० हजार जनुके आहेत. या सूचनांनुसार २० प्रकारची अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली जाऊन प्रथिनाची साखळी तयार होते. परंतु साखळी तयार झाली म्हणजे प्रथिनाची जडणघडण पूर्ण झाली, असे नव्हे. त्यानंतर अनेक विकरे या साखळीवर ठराविक ठिकाणी लहानमोठे रासायनिक गट जोडतात किंवा जोडलेले गट काढून टाकतात. फॉस्फेट, ॲसिटिल आणि मिथिल हे लहान गट, विविध शर्करा आणि युबिक्विटिन हे छोटे प्रथिन ही अशा जोडण्यांची काही ठळक उदाहरणे आहेत. अशा जोडणीमुळे प्रथिन कार्यान्वित होते किंवा निष्क्रिय होते, पेशीच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाते, अथवा नष्ट करण्यासाठी निवडले जाते. युबिक्विटिनद्वारे होणाऱ्या या निवडीच्या शोधाबद्दल ॲरॉन सीखानोव्हर, अव्राम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांना २००४ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार देण्यात आला.

या क्षेत्राचा पाया १९५० च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल येथे घातला गेला. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स हे स्नायूंतील ग्लायकोजेनचे विघटन करणाऱ्या एका विकराचा अभ्यास करीत होते. हे विकर कधी क्रियाशील तर कधी निष्क्रिय का असते, याचा शोध घेताना त्यांना असे आढळले की, एटीपी या रेणूतील शेवटचा फॉस्फेट गट त्या विकरावर जोडला गेला की ते कार्यान्वित होते. ही जोडणी करणाऱ्या विकरास ‘कायनेज’ असे म्हणतात. फॉस्फेट काढून टाकणारे विकर ते ‘फॉस्फेटेज’. विजेच्या दिव्याच्या कळीप्रमाणे चालू-बंद होणारी ही व्यवस्था केवळ स्नायूंपुरती मर्यादित नसून सर्व सजीवांच्या पेशींत आढळते, हे पुढे स्पष्ट झाले. १९९२ मध्ये या दोघांना वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

सामायिक कच्च्या मालाची अडचण

मानवी जनुकसंचाची माहिती उपलब्ध झाल्यानंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार मानवात ५१८ प्रथिन-कायनेज विकरे आहेत. ही विकरे प्रथिनांतील सेरीन, थ्रिओनिन किंवा टायरोसिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट जोडतात आणि तो फॉस्फेट एटीपीपासूनच घेतात. ॲसिटिल गट जोडणारी विकरे ॲसिटिल-कोएन्झाइम-ए या रेणूवर, तर मिथिल गट जोडणारी बहुतेक विकरे एस-ॲडिनोसिल मिथिओनिन या रेणूवर अवलंबून असतात. म्हणजेच प्रत्येक कुळातील विकरांचे भांडार एकच आहे.

एखाद्या मोठ्या कार्यालयात पाचशे कर्मचारी एकाच शाईने, एकसारखेच शिक्के कागदांवर उमटवीत असतील, तर कागद पाहून शिक्का कोणी मारला हे सांगता येणार नाही. मात्र त्यांपैकी एकाच कर्मचाऱ्यास हिरवी शाई दिली आणि ती इतर कोणासही वापरता येणार नाही अशी व्यवस्था केली, तर हिरव्या शिक्क्याचा प्रत्येक कागद त्याच्याच हातून गेला आहे, हे निर्विवादपणे सांगता येईल. बदललेल्या रेणूंच्या पद्धतीचे सार हेच आहे.

या पद्धतीपूर्वीचे उपाय अपुरे पडत होते. किरणोत्सारी फॉस्फरस वापरून फॉस्फेट कोठे जोडला गेला हे कळते. पण तो कोणत्या कायनेजने जोडला, हे कळत नाही. एखाद्या कायनेजचे जनुक काढून टाकले, तर पेशी अनेकदा दुसऱ्या विकराकडून ते काम करवून घेते आणि निष्कर्ष फसवा ठरतो. विकर शुद्ध करून परीक्षानळीत तपासले, तर पेशीत ज्या प्रथिनाला ते कधी भेटतही नाही, त्यावरही ते फॉस्फेट जोडू शकते.

फुगवटा आणि खाच

या कोंडीतून मार्ग काढणारे महत्त्वाचे संशोधन १९९७ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात केव्हन शोकात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. त्यांनी अभ्यासासाठी ‘व्ही-सार्क’ हे कायनेज निवडले. या विकराचा इतिहास रोचक आहे. १९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबड्यांमधील एक कर्करोग विषाणूमुळे पसरतो, असे दाखविले होते. त्या विषाणूतील कर्करोगास कारणीभूत ठरणारे विकर म्हणजे व्ही-सार्क. राऊस यांना या कार्याबद्दल तब्बल ५५ वर्षांनी, म्हणजे १९६६ मध्ये, नोबेल पुरस्कार मिळाला. असे विषाणू कर्करोगकारक जनुके मुळात पेशींकडूनच उचलतात, हे दाखविणारे मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस १९८९ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

व्ही-सार्क हे कोणकोणत्या प्रथिनांवर फॉस्फेट जोडते, हा शोकात यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी एकाच वेळी दोन बदल केले. एटीपीच्या ॲडिनिन या भागावर त्यांनी सायक्लोपेंटिल हा अवजड गट जोडला. या फुगवट्यामुळे बदललेला एटीपी नैसर्गिक कायनेजच्या खोबणीत बसेनासा झाला. दुसरीकडे, जनुकीय तंत्राने त्यांनी व्ही-सार्कच्या खोबणीतील मोठ्या आकाराच्या अमिनो आम्लांच्या जागी ॲलानिन हे लहान अमिनो आम्ल बसविले. त्यामुळे खोबणीत एक जादा खाच निर्माण झाली व तीत हा फुगवटा नेमका बसू लागला. कुलूप आणि किल्ली या दोहोंत परस्परपूरक बदल केल्याने ती जोडी इतर सर्व कुलपांपासून आणि किल्ल्यांपासून वेगळी झाली. या बदललेल्या एटीपीच्या शेवटच्या फॉस्फेटमध्ये किरणोत्सारी फॉस्फरस वापरला की, ज्या प्रथिनांवर खूण उमटते ती व्ही-सार्कचीच लक्ष्ये होत, असा निष्कर्ष काढता येतो.

पुढील संशोधनात खोबणीतील ३३८ क्रमांकाची जागा निर्णायक असल्याचे दिसून आले. खोबणीच्या आतील बाजूस असलेल्या या अमिनो आम्लास ‘द्वारपाल’ असे समर्पक नाव मिळाले आहे. बहुतेक कायनेजमध्ये या जागी मोठे किंवा मध्यम आकाराचे अमिनो आम्ल असते. त्यामुळे एकच युक्ती अनेक कायनेजना लागू करता आली. तसेच मोठी केलेली खोबण फक्त बदललेला एटीपीच नव्हे, तर खास तयार केलेले अवरोधक रेणूही स्वीकारते. परिणामी, यीस्टसारख्या सजीवात हव्या त्या क्षणी नेमके एकच कायनेज बंद करून त्याचे परिणाम पाहणे शक्य झाले. जनुक काढून टाकल्यावर पेशीला जुळवून घेण्यास जो अवधी मिळतो, तो येथे मिळत नाही.

२००७ मध्ये या पद्धतीत आणखी एक सुधारणा झाली. फॉस्फेटमधील एका ऑक्सिजन अणूच्या जागी गंधकाचा अणू असलेला एटीपी वापरला, तर प्रथिनावर गंधकयुक्त फॉस्फेट जोडला जातो. पेशीत असा फॉस्फेट सामान्यतः आढळत नसल्याने त्यावर आणखी एक रासायनिक गट चढवून, त्याला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या साह्याने खूण असलेली प्रथिने वेगळी करता येतात. यामुळे किरणोत्सारी पदार्थांवरील अवलंबित्व कमी झाले.

द्वारपालाची दुसरी बाजू

प्रयोगशाळेतील हे ज्ञान रुग्णशय्येशी कसे जोडले जाते, याचे उदाहरण इमॅटिनिबमध्येच सापडते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियामध्ये ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत अदलाबदल होतात. त्यातून तयार होणारे लहान गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फिया शहरात आढळले, तर ही अदलाबदल १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ओळखली. या अदलाबदलीतून ‘बीसीआर-एबीएल’ हे अखंड चालू राहणारे कायनेज निर्माण होते. इमॅटिनिब या विकराच्या एटीपीच्या खोबणीतच जाऊन बसते आणि एटीपीला प्रवेश नाकारते.

परंतु औषध बाजारात आले त्याच वर्षी, २००१ मध्ये, काही रुग्णांमध्ये ते निष्प्रभ ठरत असल्याचे व त्यामागे एक उत्परिवर्तन असल्याचे आढळले. त्यात ३१५ क्रमांकाच्या थ्रिओनिनची जागा अधिक अवजड आयसोल्युसिनने घेतली होती. ही जागा म्हणजेच त्या विकराचा द्वारपाल. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी द्वारपाल लहान करून मोठ्या रेणूला वाट करून दिली होती. रुग्णांच्या शरीरात द्वारपाल मोठा होऊन औषधाची वाट बंद झाली. एटीपी मात्र पूर्ववत आत जात राहिला. या अवजड द्वारपालाला वळसा घालू शकेल अशी सडपातळ रचना असलेले ‘पोनॅटिनिब’ हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. विकराच्या खोबणीतील एका अमिनो आम्लाचे आकारमान रुग्णाच्या आयुष्याशी कसे निगडित असते, हे यावरून स्पष्ट होते.

आमिष म्हणून वापरलेला रेणू

पेशीच्या केंद्रकात डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनमधील लायसिन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट जोडला गेला की ही गुंडाळी सैल होण्यास व जनुके कार्यान्वित होण्यास मदत होते, असा विचार १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी मांडला. मात्र हे गट जोडणारी आणि काढणारी विकरे पुढील तीन दशके हाती लागली नाहीत.

१९९६ हे वर्ष या बाबतीत महत्त्वाचे ठरले. डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने टेट्राहायमिना या एकपेशीय सजीवातून ॲसिटिल जोडणारे विकर ओळखले. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने ॲसिटिल काढून टाकणारे विकर मिळविले. त्यासाठी त्यांनी ‘ट्रॅपॉक्सिन’ या बुरशीजन्य पदार्थाचा आधार घेतला. या पदार्थामुळे पेशीत ॲसिटिलयुक्त हिस्टोन साठत जातात, हे आधी ठाऊक होते. त्याच्या रचनेत एक असाधारण अमिनो आम्ल असून त्याची बाजूची साखळी ॲसिटिलयुक्त लायसिनसारखी दिसते. विकर फसून त्यास घट्ट चिकटते. श्रायबर यांच्या गटाने या रेणूचे सुधारित रूप तयार करून ते घन कणांवर बसविले व त्यावरून पेशींचा अर्क वाहू दिला. गळाला मासा लागावा त्याप्रमाणे शोधत असलेले विकर त्यास लागले.

याच तत्त्वावर अमिनो आम्लातील एकाच अणूचा बदल किती उपयुक्त ठरतो, याचेही उदाहरण आहे. ॲसिटिल गटातील ऑक्सिजनच्या जागी गंधक ठेवले असता ‘सर्टुइन’ या गटातील विकरे क्रियेला सुरुवात करतात, परंतु मध्येच अडकतात. अर्धवट राहिलेल्या या अवस्थेमुळे विकराची कार्यपद्धती टप्प्याटप्प्याने पाहता येते. ॲसिटिल काढणाऱ्या विकरांना रोखणारे ‘व्होरिनोस्टॅट’ हे औषध त्वचेतील एका प्रकारच्या लिम्फोमासाठी २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

जनुकीय संकेताचा विस्तार

वरील पद्धतींत कच्चा माल किंवा आमिष बदलले जाते. त्याहून धाडसी मार्ग म्हणजे प्रथिन तयार होत असतानाच त्यात बदललेले अमिनो आम्ल नेमक्या जागी बसविणे. या मार्गाच्या मुळाशी हरगोविंद खोराना यांचे कार्य आहे. १९२२ मध्ये अविभाजित पंजाबातील, आज पाकिस्तानात असलेल्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या खोराना यांना जनुकीय संकेताच्या उलगड्याबद्दल १९६८ मध्ये रॉबर्ट हॉली व मार्शल नीरेनबर्ग यांच्यासमवेत नोबेल पुरस्कार मिळाला. या संकेतात तीन अक्षरांचे ६४ शब्द असून त्यांपैकी ६१ शब्द अमिनो आम्ले दर्शवितात व तीन शब्द साखळी थांबविण्याची सूचना देतात. १९७६ मध्ये खोराना यांच्या गटाने प्रयोगशाळेत संपूर्णपणे रासायनिक रीतीने तयार केलेले जनुक जिवाणूत कार्य करते, असे जाहीर केले. ते जनुक एका वाहक आरएनएचे होते. हा वाहक आरएनए थांबण्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून तेथे टायरोसिन हे अमिनो आम्ल बसवीत असे.

थांबण्याच्या शब्दाला अर्थ देता येतो, तर तो अर्थ मानवाने ठरविलेला का नसावा? अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत पीटर शुल्ट्झ यांच्या गटाने २००१ मध्ये हे करून दाखविले. मिथेन निर्माण करणाऱ्या एका आदिजीवातील वाहक आरएनए आणि त्यावर अमिनो आम्ल चढविणारे विकर ही जोडी त्यांनी ई. कोलाय या जिवाणूत आणली. जिवाणूच्या स्वतःच्या यंत्रणेशी ही जोडी गल्लत करीत नाही. त्या विकराची निवडही त्यांनी अशी केली की, ते केवळ कृत्रिम अमिनो आम्लच स्वीकारील. ‘यूएजी’ हा थांबण्याचा शब्द जेथे येईल, तेथे ते अमिनो आम्ल बसू लागले. त्यानंतर या मार्गाने दोनशेहून अधिक कृत्रिम अमिनो आम्ले प्रथिनांत समाविष्ट करण्यात आली आहेत. त्यांपैकी काही प्रकाश पडताच शेजारच्या प्रथिनाशी बंध तयार करतात. विकर कोणत्या प्रथिनाला क्षणभर भेटले, हे त्यामुळे कायमचे नोंदले जाते.

निसर्गानेही हीच युक्ती वापरली असल्याचे २००२ मध्ये उघडकीस आले. मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांत ‘पायरोलायसिन’ हे २२ वे अमिनो आम्ल यूएजी या शब्दाद्वारेच बसविले जाते. इंग्लंडमधील केंब्रिज येथे जेसन चिन यांच्या गटाने पायरोलायसिनची ही यंत्रणा बदलून २००८ मध्ये ॲसिटिलयुक्त लायसिन थेट प्रथिनात बसविले. येथे एक अडचण होती. जिवाणूचे स्वतःचे विकर हा ॲसिटिल गट लगेच काढून टाकते. म्हणून निकोटिनामाइड वापरून त्यास रोखावे लागले. २००९ मध्ये या मार्गाने हिस्टोनच्या ५६ व्या जागी ॲसिटिल गट असलेले एकजिनसी प्रथिन तयार करण्यात आले आणि या गटामुळे डीएनएची टोके हिस्टोनपासून अधिक वेळा सुटतात, हे मोजता आले. २०११ मध्ये येल विद्यापीठात डीटर झोल यांच्या गटाने फॉस्फेटयुक्त सेरीन याच रीतीने प्रथिनात बसविले व त्याच्या साह्याने एक मानवी कायनेज कार्यान्वित स्वरूपात मिळविले. झोल यांनी उमेदीच्या काळात खोराना यांच्या विस्कॉन्सिन येथील प्रयोगशाळेत काम केले होते.

शर्करेवरील खूण

काही ठिकाणी प्रश्नाचे स्वरूप नेमके उलट असते. पेशीच्या केंद्रकातील व पेशीद्रवातील प्रथिनांवर एन-ॲसिटिल ग्लुकोजअमाइन ही एकच शर्करा जोडली जाते, असे १९८४ मध्ये गेराल्ड हार्ट यांच्या प्रयोगशाळेत आढळले. ही शर्करा जोडणारे विकर एकच व काढणारेही एकच. पण त्यांची लक्ष्ये मात्र असंख्य. ती कशी शोधावयाची?

कॅरोलिन बर्टोझी यांनी शर्करेवर नायट्रोजनच्या तीन अणूंचा ‘अझाइड’ हा लहान गट जोडला. हा गट इतका छोटा आहे की विकर त्यास हरकत घेत नाही आणि पेशीत तो नैसर्गिकरीत्या आढळत नसल्याने त्याची गल्लतही होत नाही. पेशीने ही शर्करा वापरून प्रथिनावर बसविली की, अझाइडशीच क्रिया करणारा दुसरा रेणू सोडून खूण केलेली प्रथिने पकडता येतात. २००३ मध्ये वरील शर्करेसाठी ही पद्धत यशस्वी झाली. जिवंत पेशीतील व्यवहारात व्यत्यय न आणणाऱ्या अशा रसायनशास्त्राबद्दल बर्टोझी यांना मॉर्टन मेल्डाल व बॅरी शार्पलेस यांच्यासमवेत २०२२ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. शार्पलेस यांचा हा दुसरा नोबेल पुरस्कार होता.

मर्यादांचे भान

या पद्धती सर्वशक्तिमान नाहीत. एटीपीवर अनेक ऋण विद्युतभार असल्याने तो किंवा त्याचे बदललेले रूप पेशीपटलातून आत जात नाही; त्यासाठी पटलास छिद्रे पाडावी लागतात किंवा पेशींचा अर्क वापरावा लागतो. द्वारपाल बदलल्यावर काही कायनेज मंदावतात, म्हणून बदललेले विकर मूळ विकराप्रमाणेच वागते की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. यूएजी या शब्दापाशी जिवाणूची साखळी थांबविणारी यंत्रणाही स्पर्धेत असते. त्यामुळे अपेक्षित प्रथिनाबरोबर अर्धवट प्रथिनही तयार होते.

खूणच दिशाभूल करू शकते, ही सर्वांत गंभीर मर्यादा होय. पेशीत सहज शिरावी म्हणून अझाइडयुक्त शर्करेवर ॲसिटिल गटांचे आवरण चढवीत असत. २०१८ मध्ये असे दाखविण्यात आले की, अशी शर्करा विकराच्या मदतीशिवायच प्रथिनांतील सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडली जाऊ शकते. म्हणजे हिरवी शाई कर्मचाऱ्याच्या हाताविनाच कागदावर सांडत होती. या शोधानंतर आधीच्या काही नोंदींची फेरतपासणी आणि शर्करेच्या रचनेत सुधारणा करणे आवश्यक ठरले. कोणत्याही खुणेचा अर्थ लावताना विकर नसलेल्या किंवा निष्क्रिय केलेल्या पेशींशी तुलना करणे का अनिवार्य असते, याचा हा वस्तुपाठ आहे.

भारताच्या संदर्भात

भारतासाठी या विषयाचे महत्त्व दुहेरी आहे. पहिला मुद्दा औषधांच्या उपलब्धतेचा. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार भारतात औषधांच्या केवळ निर्मितीप्रक्रियेस पेटंट मिळत असे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ च्या दुरुस्तीने उत्पादनासही पेटंट देण्याची तरतूद झाली. त्याच वेळी कलम ३(ड) द्वारे, ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने उपचारातील परिणामकारकता वाढत नसेल तर त्यास पेटंट मिळणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले. इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने केलेला अर्ज २००६ मध्ये चेन्नई येथील पेटंट कार्यालयाने नाकारला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. त्या काळातील वृत्तांनुसार मूळ औषधाचा मासिक खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा सुमारे ८ ते १० हजार रुपये होता. विकराचा शोध लागणे आणि त्यावरील औषध रुग्णापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या बाबी असून दोहोंसाठी स्वतंत्र प्रयत्न करावे लागतात, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दुसरा मुद्दा देशातील रोगांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ या वर्षासाठीच्या अंदाजानुसार जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्ण भारतात होते. क्षयाच्या जिवाणूचा जनुकसंच १९९८ मध्ये उलगडला तेव्हा त्यात मानवी कायनेजशी साम्य असलेली ११ कायनेज विकरे आढळली. त्यांपैकी दोन जिवाणूच्या वाढीसाठी अत्यावश्यक आहेत. आणखी एक विकर, रोगप्रतिकारक पेशीने गिळलेल्या जिवाणूस नष्ट होण्यापासून वाचविण्यास मदत करते. ही विकरे औषधांची संभाव्य लक्ष्ये आहेत. मात्र मानवी पेशीतील पाचशेहून अधिक कायनेजही एटीपीच वापरतात. जिवाणूचे कायनेज रोखणारे पण मानवी कायनेजना धक्का न लावणारे औषध हवे असेल, तर प्रत्येक विकराचे नेमके कार्य आणि खोबणीची रचना ठाऊक असणे अपरिहार्य आहे. हाच प्रश्न बदललेल्या रेणूंच्या पद्धतीच्या केंद्रस्थानी आहे.

अशा संशोधनासाठी संश्लेषक रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांची सांगड घालावी लागते. रासायनिक संश्लेषण हे भारतीय औषध उद्योगाचे बलस्थान आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हैदराबादचे पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि २००६ पासून स्थापन होत गेलेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था यांतून या दोन्ही शाखांचे संशोधन होते. १९८६ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या, अर्थव्यवस्था, पर्यावरण व रोजगार यांची सांगड घालणाऱ्या ‘बायो-ई-३’ धोरणात विकरांची निर्मिती आणि अचूक जैविक उपचार यांचा प्राधान्यक्षेत्रांत समावेश आहे. धोरणातील या शब्दांना आशय प्राप्त व्हावयाचा असेल, तर रेणू तयार करणारे व पेशी समजून घेणारे संशोधक एकाच छताखाली येणे गरजेचे आहे.

समारोप

फिशर व क्रेब्स यांनी स्नायूतील एका विकरावर फॉस्फेट पाहिला, तेव्हा त्या शोधाचा उपयोग कर्करोगावरील गोळीत होईल असे कोणास वाटले नसेल. खोराना यांनी तयार केलेल्या जनुकातून संकेताचा विस्तार होईल, असेही तेव्हा भाकीत करता आले नसते. मूलभूत संशोधन आणि उपचार यांच्यातील अंतर अनेकदा दशकांचे असते. ते अंतर कमी करण्याचे काम अचूक प्रश्न विचारणारी साधने करतात. एटीपीवरील एक फुगवटा, लायसिनवरील गंधकाचा एक अणू किंवा शर्करेवरील तीन नायट्रोजन अणू हे बदल आकाराने नगण्य आहेत. परंतु पेशीतील शेकडो समान विकरांतून एकाचे नाव घेऊन त्याचे काम दाखविण्याचे सामर्थ्य त्यांनी विज्ञानाला दिले आहे. आणि योग्य विकर ओळखल्याखेरीज योग्य औषध सापडत नाही.